मोकळी बोटं

ताईचा मेंदू डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर दिसत होता आणि मला तिकडे बघवत नव्हतं. तोंडी हिशेबात पटाईत माणसांच्या डोक्यात नेमकं काय चालतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. ताईला तिथे मीच घेऊन गेले होते, भलती हौस माझी. चाळिशी उलटलेली, शिवणाच्या कारखान्यात कापड बेतणारी माझी बहीण चारशे सदतीस गुणिले शहाऐंशी अजूनही चुटकीसरशी सांगते. तेवढ्यात तिची बोटं हवेत नाचून घेतात.

"बोलण्याचा भाग बघा, जवळजवळ गप्प आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या आकडे मनात पुटपुटत नाहीत. लहानपणीच्या अबॅकसचे मणी यांना डोळ्यांपुढे दिसतात आणि बोटं ते सरकवतात. बोटं मोकळी होती तेव्हा सगळी उत्तरं बरोबर आली. हात घट्ट धरायला सांगितले, तर निम्मी चुकली."

ताई हसली. "म्हणजे मी तेव्हा घाबरले नव्हते?"

तेव्हा म्हणजे कधी, हे बाईंना कळलं नाही. मला कळलं. तोंडी हिशेबाच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती, ती चौदाची आणि मी अकराची. घरात उठता-बसता तिचंच कौतुक, आणि माझा नुसता जळफळाट. ताईच्या कानाशी कितीही बडबड केली तरी तिचं काही बिघडत नाही, पण बोटं धरली की ती अडते, हे मी अबॅकसच्या क्लासमध्ये कधीच हेरलं होतं. फेरीआधी मी परीक्षकबाईंकडे गेले आणि साळसूदपणे म्हणाले, "ती बोटांवर मोजते." त्यांनी तिला तळवे बाकावर टेकवून बसवलं. ताई शेवटची आली. नंतर चांगल्या नोकरीची मुलाखत आली की ती टाळायची. म्हणायची, "ऐनवेळी माझी गाळण उडते गं."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं.

"हात धरले की मला जमत नाही, हे तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं."

ती बाकावर बसली. तिनं एक थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बाबा शेवटच्या दुखण्यातही म्हणाले होते," ती म्हणाली, "पोरगी हुशार, पण अंगात धीर नाही. आता त्यांना कोण सांगणार?"