पाचाचे तीन

टक्. देवघरातल्या करंड्याचं झाकण उघडलं आणि दुपारच्या निवांत घरात तेवढाच आवाज झाला. माधवीने मला दोन बोटांनी अलगद बाहेर काढलं, अंगावरचं कुंकू फुंकरीने उडवलं आणि खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिली.

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. मी पाच रुपयांची कागदी नोट आहे, नेपाळची. आता वय झालं, घडीपाशी मऊ पडले आहे. माझ्या एका बाजूला बर्फाचं उंच शिखर आहे, दुसऱ्या बाजूला चरणारे याक. अक्षरं मात्र तुमचीच आहेत. माझ्यावरचे आकडे तुमच्या आजीलाही चष्मा लावून वाचता येतील. तरीही तुमच्या गावच्या दुकानात मला कुणी घेणार नाही.

आमच्या देशाच्या नोटा दूरच्या परदेशी छापखान्यांत छापतात. तिथून मी काठमांडूला आले आणि तिथून हातोहाती डोंगरातल्या एका लहानशा गावात. तेव्हा मी कोरी करकरीत होते. गावातल्या एका म्हातारीने मला दसऱ्यासाठी राखून ठेवलं. तुमचा जो दसरा, तोच आमचा दसैं. त्या दिवशी घरातलं वडील माणूस लहानांच्या कपाळावर दही, तांदूळ आणि गुलाल कालवून टिळा, आमचा 'टीका', लावतं. अंधारात वाढवलेले जवाचे पिवळे कोंभ डोक्यावर ठेवतं आणि हातावर एक कोरी नोट ठेवतं. ती नोट बाजारासाठी नसते. जपायची असते. म्हातारीने मला आपल्या लेकीच्या, दिलमायाच्या, हातावर ठेवलं. त्याच महिन्यात दिलमाया नवऱ्याबरोबर भारतात यायला निघाली.

सीमेवर मी पहिल्यांदा माझी किंमत ऐकली. तिथे टेबलं मांडून माणसं बसली होती. भारताचे शंभर दिले की आमचे एकशे साठ मिळत होते. आमच्या गावात भारतीय नोटेचा मान मोठा. तिला 'आयसी' म्हणतात आणि कपड्यांच्या तळाशी, ट्रंकेत ठेवतात. सीमेच्या अलीकडे मात्र चहावाल्याने दिलमायाच्या बटव्यात मला पाहिलं आणि हसून म्हणाला, ही इथे रद्दी. खरं तर ती मला खर्च करतच नव्हती, सुटे शोधत होती.

बदलापूरला सोनिवलीच्या एका नव्या इमारतीत तिच्या नवऱ्याला वॉचमनचं काम मिळालं. त्याचं नाव गोविंद. पण सगळी बिल्डिंग त्याला बहादूर म्हणते, आणि त्यानेही आता 'ओ' द्यायची सवय करून घेतली आहे. पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत त्यांचा संसार. चौथ्या मजल्यावरची माधवी अंबरनाथला एका कंपनीच्या ऑफिसात जाते. तिच्या किर्तीला शाळेच्या बसमधून उतरवून घेणं, जेवू घालणं, आई येईपर्यंत सांभाळणं हे काम दिलमायाकडे आलं. किर्तीला ती 'नानी' म्हणते. आमच्याकडे लाडक्या लहान मुलीला असंच म्हणतात. मी मात्र त्या खोलीतल्या पेटीत पडून होते. वर्षातून एकदा, दसऱ्याला, दिलमाया मला बाहेर काढून कपाळाला लावायची.

मग एके दिवशी गावाहून फोन आला. म्हातारी गेली. दिलमायाला वेळेवर पोचता आलं नाही.

वर्षाचा दुखवटा सरल्यावरचा हा दसरा. दाराला झेंडूचं तोरण, ताटात आपट्याची पानं. माधवीची सासू बनूबाई शेजाऱ्यापाजाऱ्यांना पान देऊन 'सोनं घ्या' म्हणत होती, आणि माणसं ते पान खरंच सोन्यासारखं दोन्ही हातांनी घेत होती. तेवढ्यात दिलमाया ताटली घेऊन वर आली. आपल्या माणसांत टिळा लावायला आता तीच वडील उरली होती, आणि इथे तिला नानीशिवाय होतं कोण? तिने किर्तीच्या कपाळावर टिळा लावला, केसांत पिवळे कोंभ खोवले आणि मला तिच्या हातावर ठेवलं.

बनूबाईने मला उलटंसुलटं करून पाहिलं. लेकाला, महेशला, विचारलं. महेश उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात असतो. तिथे शिलाईला नेपाळी कारागीर आहेत, त्यामुळे भाव त्याला तोंडपाठ. मोबाईलमधून मान वर न करता तो म्हणाला, "पाचाचे तीन होतात, आई."

मित्रांनो, बनूबाई वाईट बाई नाही. गरिबाचं फुकट घेऊ नये, ही तिची आयुष्यभराची शिस्त. तिने देवाजवळच्या वाटीतली तीन नाणी उचलली आणि दिलमायाच्या हातावर ठेवली.

"घे गं. तुझं नुकसान नको."

स्वयंपाकघरातून पुरणाचं भांडं घेऊन माधवी बाहेर आली, तेव्हा दिलमायाची मूठ मिटलेली होती आणि चेहराही. पान सोनं म्हणून चाललं आणि मी तीन रुपये झाले. मला बनूबाईने नवलाईची वस्तू म्हणून करंड्यात टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून दिलमाया नेहमीसारखी येत होती. वरण-भात भरवत होती, वेणी घालत होती. फक्त 'नानी' म्हणेनाशी झाली. 'किर्ती बेबी, खाना खा लो,' असं म्हणायची. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. माधवीच्या आलं, आणि तिला ऑफिसात बसल्या बसल्याही ते टोचत राहिलं.

म्हणून आज सुट्टीच्या दुपारी, सासूचा डोळा लागलेला असताना, तिने मला बाहेर काढलं आणि किर्तीचं बोट धरून ती खाली पंपाजवळच्या खोलीत गेली.

"दिलमाया, आमचं चुकलं गं. तुझी ही आठवण तुझ्याजवळच ठेव."

दिलमायाने मला हातही लावला नाही. "टीका का पैसा वापस नहीं लेते, दीदी. वो नानी का है." मग तिने फळीवरून तीन नाणी काढून माधवीच्या हातात दिली. बनूबाईला ती 'आमा', म्हणजे आई, म्हणते. "ये आमा को दे देना. आमा ने गलत नहीं किया. बाजार में वही भाव है."

दिलमायाने माधवीला बसायला पोतं अंथरलं आणि आपल्या आईची गोष्ट सांगितली. आई पूर्वी टिळ्याला भारताची पाचशेची नोट द्यायची. तेव्हा दिलमायाचे वडील हयात होते, पंजाबात कामाला होते, ते पाठवायचे. आईने अशा नोटा ट्रंकेत साठवल्या होत्या, अडीअडचणीला म्हणून. एका रात्रीत इकडे त्या नोटा बंद झाल्या. डोंगर उतरून बँकेत जाईपर्यंत तिकडे त्यांना कुणी हात लावेना. त्या वर्षीपासून आई म्हणायची, आशीर्वाद आपल्याच नोटेने द्यायचा, लहान असली तरी. दिलमाया हे सगळं रडत सांगत नव्हती. भाजी निवडत सांगत होती.

निघताना किर्तीने तिच्या कमरेला मिठी मारली. दिलमायाने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "जा नानी."

मित्रांनो, मी लहानशी नोट. दोन देशांनी एकमेकांना कसं मोजावं, हे मला कळत नाही. माझं एवढंच मागणं आहे: शेजारचं माणूस तुमच्या हातावर काही ठेवेल, तेव्हा भाव विचारण्याआधी त्याच्या डोळ्यांत बघा. आणि ते नीट जपा.

जिना चढताना मी किर्तीच्या मुठीत होते, तीन नाणी माधवीच्या. दुसऱ्या मजल्यावर किर्ती थांबली.

"आई, दिलमाया मावशीच्या आईला तिच्या नोटांचे तीन रुपये तरी दिले का कुणी?"