मोठी, लाल आणि उजवीकडे

दुपारी दोन वाजता झुबैर त्रीकी तोंडी परीक्षेला पोचला, तेव्हा परीक्षक सकाळीच काम उरकून गेले होते. सफाक्स शहरातल्या त्या खाजगी विद्यालयात इतिहास शिकवायची एकच जागा भरायची होती.

"वेळ बदलल्याची सूचना आठवडाभर साइटवर होती, सी झुबैर," शिपाई अदबीने म्हणाला. "मोठी. लाल अक्षरांत."

"लाल अक्षरं मला कोण दाखवणार, हाज?" झुबैर म्हणाला. तो जन्मापासून आंधळा. वेबपानं तो फोनवर ऐकतो.

दुसऱ्या दिवशी त्याने साइट बनवणाऱ्या लुब्ना जल्लूलीचं ऑफिस गाठलं. फोन टेबलावर ठेवला. फोनमधला फ्रेंच आवाज पान भराभर वाचत गेला: पत्ता, कागदपत्रं, वेळ दुपारी दोन.

"थांबा. कागदपत्रांच्या खाली सूचना आहे," लुब्ना म्हणाली. "मला दिसतेय."

"तुला दिसणारच, बहिणी. बघणाऱ्यांसाठीच लावलीयस."

लुब्नाने पानाचा कोड उघडला. पान फ्रेंचमध्ये होतं. विद्यालयाच्या संचालकांनी सूचना मागाहून अरबीत पाठवली आणि तिने ती तशीच चिकटवली होती. मोठी कर, लाल कर, उजवीकडे सरकव, एवढंच कोडमध्ये लिहिलेलं. हे शीर्षक आहे, हा मजकूर अरबी आहे, हे कुठेच नव्हतं. फ्रेंच आवाजाला ती अक्षरं उच्चारता येईनात. तो गुपचूप पुढे गेला होता.

"म्हणजे सूचना डोळे वटारून उभी, पण तोंडातून शब्द नाही," झुबैर म्हणाला.

लुब्नाने कोडमध्ये त्या दोन खुणा घातल्या. या वेळी आवाज मध्येच बदलला. 'शीर्षक', तो अरबीत म्हणाला. 'सर्व उमेदवारांनी सकाळी नऊला यावं.'

झुबैरने फोन उचलून खिशात ठेवला. समोरची कॉफी निवून गेली होती.

संध्याकाळी संचालकांचा फोन आला, आवाज अदबीचा. "लल्ला लुब्ना, सूचना पानावर होती, एवढं लिहून द्या. होती ना?"

"दिसत होती."

"मग तेच लिहा."

तिने दोन वाक्यं लिहिली. सूचना पानावर दिसत होती. ती सूचना आहे, हे पानात कुठेही सांगितलेलं नव्हतं. दुसरं वाक्य काढा, असं उत्तर आलं. तिने काढलं नाही.

शुक्रवारी विद्यालयाची निवड समिती बसली. झुबैरच्या फेरपरीक्षेचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. तारीख ठरलेली नाही. इतिहासाची जागा पानावर अजून रिकामी आहे. आता ते ऐकूही येतं.