मास्तरांची मांडी

मास्तरांनी मांडी घातली की परीक्षा पास, असं गावातले सगळे धरून चालत. गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या मांडीचा आणि परीक्षेचा काय संबंध, असं बाहेरून आलेल्या एखाद्यानं विचारलंच, तर त्याला चार जण मिळून समजावून सांगत.

शिकवणीच्या गाडीला ब्रेक दोन. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. दोन्ही आतून जोडलेले, एक दाबला की दुसराही आपसूक खाली जातो. शिकणारा चुकला की मास्तर आपला ब्रेक दाबत, म्हणून आजवर कोणाचा जीव गेला नव्हता आणि कोणाचं कुंपणही मोडलं नव्हतं. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी, शेवटच्या शिकवणीला, मास्तर चालत्या गाडीत शांतपणे बूट काढत, मागच्या सीटवर ठेवत आणि मस्तपैकी मांडी घालून बसत. आता माझा पाय ब्रेकवर नाही, तुझं तू बघ, असा त्याचा अर्थ. एकतीस वर्षांत मांडी घातलेले फक्त दोघे नापास झाले होते, आणि त्यातला एक तर परीक्षकाशी हुज्जत घालत बसला होता.

शिकवणी संपली की तीच गाडी घरची. मग मास्तर स्टिअरिंगवर आणि मास्तरांच्या जागेवर त्यांची बायको. तिला सगळं गाव काकू म्हणे. काकूंना गाडी चालवता येत नव्हती, पण ब्रेक कधी दाबायला हवा हे त्यांना नवऱ्यापेक्षा जास्त कळतं, अशी त्यांची स्वतःची खात्री होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी भर बाजारात एक कबुतर रस्त्यावर उतरलं म्हणून त्यांनी तो दुसरा ब्रेक करकचून दाबला. कबुतर सावकाश चालत निघून गेलं आणि मागून दुधाची गाडी येऊन आदळली. त्या दिवशी मास्तरांनी काकूंकडून शपथ घेतली. काकू दिल्या शब्दाला जागल्या, पण आपल्या पायाला त्या पुरतं ओळखून होत्या. म्हणून गाडीत बसल्या की त्या आपली जाडजूड चामडी पिशवी ब्रेकच्या पुढ्यात ठेवत आणि पाय पिशवीच्या अलीकडे. पायानं उचल खाल्लीच तर पिशवीला लाथ बसे. पिशवीचा एक कोपरा त्यामुळे पार चेपला होता.

एका रविवारी मात्र दुरुस्त केलेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन दोघं घरी निघाले होते. घड्याळ मोठं, काचेचं. काकूंनी ते मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी कवटाळलं होतं, आणि पिशवी मागच्या सीटवर पडली होती.

रेल्वे फाटकाजवळ पांढरी रेघ आहे. दिवे लुकलुकायला लागले की रेघेच्या अलीकडे थांबायचं, पण चाकं रेघेवर पोचल्यावर दिवे लागले तर थांबायचं नाही, सरळ पलीकडे निघून जायचं. फाटक पडायला तेवढा वेळ असतो. हा धडा मास्तरांनी हजारभर लोकांकडून घोकून घेतला असेल. नेमकी पुढची चाकं रेघेवर असताना दिवे लागले. मास्तर पलीकडे जाणारच होते, पाय नेहमीसारखा सावधपणे ब्रेकवर नुसता टेकवून. आणि काकूंचा पाय दुसऱ्या ब्रेकवर गेला. मन बिचारं अजून विचारच करत होतं.

गाडी गचकन थांबली. अर्धी रेघेच्या पुढे, आणि फाटकाचा दांडा बॉनेटच्या पुढे वीतभर अंतरावर खाली आला. मग मालगाडी सुरू झाली. काकू डबे मोजू लागल्या, कारण शेजारी बघायची सोय नव्हती.

मास्तर आपल्या पायाकडे टक लावून बघत होते.

"मी का गं दाबला ब्रेक?" त्यांनी विचारलं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. काकूंनी तोंड उघडलंही. पण मालगाडी धडधडत होती, शपथ आठवत होती आणि ते कबुतरही.

"घाबरला असाल," त्या म्हणाल्या, आणि पुढे मोजू लागल्या. बावन्न डबे होते.

आठ दिवसांनी चलन आलं. सोबत फोटो. फाटकाच्या कॅमेऱ्यानं गाडी अगदी झकास टिपली होती. रेघेच्या पुढे आलेलं नाक, मास्तरांची खाली गेलेली नजर, काकूंचा वासलेला आ आणि त्यांच्या मिठीतलं घड्याळ. फोटोवर वेळ छापली होती चार चाळीस, आणि घड्याळातही चार चाळीसच वाजले होते. घड्याळजीनं काम चोख केलं होतं.

दंडाचं काही नव्हतं. पण चलन मान्य केलं की परवान्यावर शेरा बसतो, आणि शेरा असलेल्या माणसाला वर्षभर कोणाला शिकवता येत नाही. पंधरा दिवसांत वाहतूक कार्यालयात जाऊन बाजू मांडायची मुभा होती.

"बाजू कसली मांडायची?" मास्तर म्हणाले. "डोक्यानं सांगितलं नसताना पाय खाली गेला. पाय म्हातारा झाला माझा."

आणि ते त्या पायाच्या मागेच लागले. सकाळी उठून तो पाय वर-खाली करून बघायचे. डॉक्टरला दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, पाय उत्तम आहे. मास्तर म्हणाले, डॉक्टरला काय कळतंय, त्याला मीच तीन महिने गाडी शिकवली आहे. काकूंचं एक शब्द बोलून मोकळं व्हायचं ते इतके दिवस राहिलं होतं, आणि जितकं राहत होतं तितकं जड होत चाललं होतं.

गुरुवारी दवाखान्यातल्या नर्सची शेवटची शिकवणी होती; शुक्रवारी तिची ड्युटी आणि शनिवारी परीक्षा. पोरगी हुशार, गाडी लोण्यासारखी चालवायची. ती परत आली ती नाक पुसतच.

"काकू, मास्तरांनी मांडी घातली नाही," ती म्हणाली. "सगळा रस्ताभर मी वाट बघत होते. माझं एवढं वाईट आहे का हो?"

मास्तर मागून आले. पायात बूट तसेच. "तुझं काही चुकलं नाही, पोरी. माझाच मला भरवसा उरला नाही. मी मांडी घालून काय सांगणार तुला?"

त्या संध्याकाळी ते एक कोरा पुठ्ठा घेऊन टेबलाशी बसले आणि पट्टीनं रेघा आखू लागले. काकूंनी डोकावून बघितलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शिकवणी बंद आहे'.

"अहो," त्या म्हणाल्या, "तो ब्रेक मी दाबला होता."

मास्तरांनी पट्टी खाली ठेवली. ते बायकोकडे बघून इतकं मायेनं हसले की काकूंना रडूच कोसळलं.

"किती गुणाची आहेस तू," ते म्हणाले. "माझ्यासाठी खोटं बोलतेस."

"अहो, खोटं नाही! त्या दिवशी पिशवी मागे होती!"

"एकतीस वर्षं त्या ब्रेकला तू बोट लावलं नाहीस. मला माहीत नाही होय? माझी समजूत काढू नकोस, बाई. डोळे पूस."

खोटं बोलल्या तेव्हा ताबडतोब विश्वास बसला होता, आणि आता खरं बोलल्या तर कौतुक होत होतं. काकूंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी तो पुठ्ठा उचलून कपाटामागे सरकवला आणि जाहीर केलं की उद्या सकाळी आपण दोघं वाहतूक कार्यालयात जाणार आहोत आणि तुम्हाला यायचं नसेल तर मी चालत जाईन.

तिथल्या अधिकारी बाईंना सणसणीत सर्दी झाली होती. टेबलावर फायलींचा ढीग, गरम पाण्याचा पेला आणि रुमालांची चळत. त्यांनी फोटो बघितला, काकूंचं म्हणणं ऐकून घेतलं आणि नाक शिंकरलं.

"काकू, दर आठवड्याला माझ्याकडे चार बायका येतात," त्या म्हणाल्या. "नवऱ्यानं सिग्नल तोडला, तर म्हणे मीच घाई केली. नवरा वेगात गेला, तर म्हणे माझंच पोट दुखत होतं. आता तुमचा ब्रेक."

"तेच म्हणतोय मी," मास्तर पडेल आवाजात म्हणाले. "मॅडम, तुम्ही शेरा मारा आणि मला मोकळं करा."

काकूंचा पारा चढला. "तुम्ही गप्प बसा हो! मॅडम, गाडी खालीच उभी आहे. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. मग ठरवा कोण खरं बोलतंय."

अधिकारी बाईंनी फायलींच्या ढिगाकडे बघितलं, मग खिडकीबाहेरच्या उन्हाकडे. दोहोंतलं काय निवडायचं हे काही फार अवघड नव्हतं. त्या उठल्या.

कार्यालयाच्या मागे मोठं आवार होतं. अधिकारी बाई स्टिअरिंगवर, काकू शेजारी, मास्तर मागे, आणि त्यांच्या मांडीवर ती चामडी पिशवी. गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाली. एका कोपऱ्यात जुन्या टायरांचा ढीग होता. तो अजून चांगला लांब असताना गाडी गचकन थांबली.

"हे मुद्दाम केलंत," अधिकारी बाई म्हणाल्या.

"नाही हो. टायर आले ना समोर."

"टायर कुठेही आले नाहीत, ते तिथेच पडलेत. आता मात्र दाबू नका."

काकूंनी ओठ घट्ट मिटले, मुठी आवळल्या, गुडघ्याला गुडघा लावला. आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला एक कारकून फायली घेऊन दारातून बाहेर पडला. गाडी थांबली. अधिकारी बाईंच्या हातातला रुमाल काचेवर जाऊन आपटला. कारकूनही बिचारा जागच्या जागी थांबला.

"अहो काकू, निदान सांगून तरी दाबा!"

"सांगून दाबता येत नाही, मॅडम. मला तरी कुठे आधी कळतंय?"

तिसऱ्या फेरीला समोर चिटपाखरू नव्हतं. काकूंना हायसं वाटलं. तेवढ्यात कार्यालयाच्या छपरावरून एक कबुतर निघालं, घिरट्या घालत खाली आलं आणि गाडीच्या पुढे, चांगलं वीस पावलांवर, ऐटीत उतरलं.

गाडी थांबली.

मागच्या सीटवरून चमत्कारिक आवाज येऊ लागला. मास्तर रडताहेत असं वाटून काकू घाबरून वळल्या. मास्तर पिशवीत तोंड खुपसून गदगदत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते हसण्याचं होतं.

"कबुतर!" ते कसेबसे म्हणाले. "मॅडम, कबुतर! एकतीस वर्षांनी!"

मग त्यांनी पिशवीचा चेपलेला कोपरा बघितला, त्यावरून हात फिरवला आणि एकदम गंभीर झाले.

"म्हणजे माझा पाय..."

"तुमचा पाय ठणठणीत आहे," काकू म्हणाल्या. "माझाच आगाऊ आहे. चुकले हो मी. त्याच वेळी सांगायला हवं होतं, माझी जीभच उचलली नाही."

मास्तरांनी पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रागवायला हवं होतं, पण इतक्या दिवसांचं ओझं उतरलेल्या माणसाला राग कुठून येणार? अधिकारी बाईंनी मुद्दाम खूप वेळ नाक शिंकरलं.

वर जाऊन त्यांनी मास्तरांचं चलन रद्द केलं आणि गुन्हा काकूंच्या नावावर लिहिला. दंड काकूंना झाला, शेरा मात्र मारता येईना.

"शेरा मारायला परवाना लागतो," अधिकारी बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे तोच नाही. पण एवढा तयार पाय मी असा मोकळा सोडणार नाही. तुम्ही रीतसर गाडी शिकायची, हा माझा आदेश."

"शिकवणार कोण?" काकूंनी विचारलं.

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेला निघायच्या आधी नर्सला गाडीत बसवून मास्तर गावाला एक फेरी मारून आले, मांडी घालून, रुबाबात. ती पास झाली. आणि सोमवारपासून काकू स्टिअरिंगवर बसल्या. पहिले दोन आठवडे शेजाऱ्यांची चांगली करमणूक झाली. "क्लच!" "दाबलाय!" "तो ब्रेक आहे!" "मग दोन्ही इतके जवळ का ठेवलेत?" एकदा तर काकू भर रस्त्यात गाडी सोडून घरी चालत आल्या आणि मास्तर मागून गाडी घेऊन आले. पण हळूहळू पाय शहाणा झाला. तो आता विचारल्याशिवाय जात नसे. मास्तरांचे बूट मात्र त्यांच्या ब्रेकपाशी जय्यत तयार असत, आणि काकू डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते बघत असत. आपण मांडीची वाट बघतोय हे त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. नवऱ्याला तर मुळीच नाही.

शेवटच्या शिकवणीला मास्तरांनी गाडी फाटकाच्या रस्त्याला घ्यायला सांगितली. रेघ समोर दिसू लागली आणि दिवे लुकलुकायला लागले. चाकं अजून अलीकडेच होती. काकूंनी आरसा बघितला, वेग कमी केला आणि गाडी अगदी अलगद, रेघेच्या हातभर अलीकडे थांबवली. फाटकाचा दांडा लांब पुढे, आपल्या जागी खाली आला. मालगाडी धडधडत सुरू झाली.

आता मास्तर काय म्हणतात म्हणून काकूंनी शेजारी बघितलं. ब्रेकपाशी बूट नव्हते. ते मागच्या सीटवर होते, चामडी पिशवीच्या शेजारी नीट मांडून ठेवलेले. मास्तर मांडी घालून बसले होते.

"कधी काढलेत?" काकूंचा आवाज चिरकला.

"बाजारात," मास्तर म्हणाले. "कबुतर आडवं आलं तेव्हा."

"कबुतर कुठे आलं?"

"आलं होतं. तू वेग कमी केलास, ते उडालं, तू पुढे निघालीस."

काकूंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. शेवटचा डबा गेला, फाटक वर झालं, मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला आणि काकूंनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. या खेपेला डबे मोजायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.