लाल दिवा रांगेत उभा राहिला

मी एक जुना नेटवर्क स्विच आहे, मित्रांनो. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात एक छोटं प्रसूतिगृह आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर, सलाईनच्या खोक्यांमागे, एका लोखंडी कपाटात मी राहतो.

वरच्या मजल्यावरचे फोन आणि यंत्रं जे काही बोलतात, ते तुकड्यातुकड्यांनी माझ्याकडे येतं. खाली जाणाऱ्या एकाच जुन्या केबलमधून मी ते पुढे धाडतो. गर्दी नसली की सगळेच झटकन सुटतात. गर्दी झाली की कुणाला तरी थांबवावं लागतं. कुणाला, ते मी ठरवत नाही. ते माणसं ठरवून देतात.

मला बसवलं तेव्हा सिस्टर सुझान कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. नेटवर्कचं बघणाऱ्या धनेशला म्हणाल्या, "काचेच्या खोलीतल्या बाळांच्या यंत्राचा इशारा सगळ्यात आधी खाली माझ्या टेबलावर आला पाहिजे. नातेवाईकांचं वाय-फाय शेवटी. बसू दे त्यांना बोंबलत."

धनेशने तशा रांगा लावून दिल्या आणि मी त्या इमानाने पाळल्या. "आपला डबा कधी चुकत नाही हो," असं सिस्टर म्हणायच्या, तेव्हा फार बरं वाटायचं.

मग दिपिकाचं बाळ आलं, दिवस भरायच्या आधीच. अजून बारसंही व्हायचं होतं. झोपेत ते मध्येच श्वास घ्यायचं विसरायचं. दिपिका काचेपाशी उभी असायची. "जरा पड गं, यंत्र आहे ना," असं सिस्टर सांगायच्या. ती मान डोलवायची आणि तिथेच उभी राहायची.

तिच्या सासूच्या, रुक्मिणीबाईंच्या, भाच्याची एका संध्याकाळी कळंबला हळद होती. बाळाला सोडून जाता येईना, म्हणून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. चित्र सारखं अडकत होतं.

"आरं धनेश, कोन नाचतंय तेच दिसत नाय! सख्खी आत्या हाय मी त्याची!"

"मावशी, डोकं नको खाऊ. करतो."

धनेशही कळंबचाच, त्यालाही त्याच हळदीला पोचायचं होतं. त्याने लॅपटॉप जोडला, नातेवाईकांचं वाय-फाय उचललं आणि बाळांच्या इशाऱ्याशेजारी, पहिल्या रांगेत आणून बसवलं. "उद्या काढतो," असं पुटपुटत त्याने बाईकला किक मारली.

भेटीची वेळ झाली. मजला माणसांनी भरला. जो तो आपलं बाळ फोनवरून गावाला दाखवू लागला. रुक्मिणीबाई गालाला हळद लावून फोनसमोर ठुमकत होत्या.

तेवढ्यात काचेमागे यंत्राचा लाल दिवा पेटला.

इशारा माझ्याकडे आला. मित्रांनो, मला तो ओळखू आला, पण पहिल्या रांगेत आता सगळेच होते. हळद होती, हसणं होतं, 'कोणावर गेलाय गं?' होतं. रांग तुंबली. इशारा गळून पडला. यंत्राने तो पुन्हा पाठवला. पुन्हा गळाला. खाली सिस्टरांच्या पडद्यावर सगळं हिरवंगार होतं.

"सिस्टर! ओठ निळे पडलेत त्याचे!" दिपिका जिन्यावरून किंचाळली.

"इथे तर सगळं ठीक दिसतंय," म्हणता म्हणता सिस्टर धावत वर आल्या. त्यांनी बाळाचे तळवे चोळले, पाठ चोळली. बाळ रडलं. इशारा खाली पोचला तो त्यानंतर.

दुसऱ्या सकाळी धनेश आला. भेटायला आलेलं कुणीच नव्हतं, वाट मोकळी होती. त्याने यंत्राचं चाचणीचं बटण दाबून पाहिलं. इशारा क्षणात खाली पोचला. "केबल सैल होती बहुतेक," म्हणत त्याने ती घट्ट बसवली आणि कपाटाला कुलूप लावलं. पहिली रांग तशीच राहिली.

दिपिका बाळाला घेऊन घरी गेली. आज काचेमागे त्याच यंत्राला स्वप्नालीचं बाळ जोडलेलं आहे. स्वप्नाली शहाण्यासारखी सिस्टरांचं ऐकते. यंत्र आहे ना, म्हणून ती आत्ता गाढ झोपली आहे.

मित्रांनो, मोकळ्या वाटेवर मला तपासू नका. गर्दीत तपासा. कुणीतरी या कपाटाचं कुलूप उघडा.

भेटीची वेळ होत आली आहे. जिन्यावर चपला वाजताहेत.