झरीच्या फाईली जात होत्या तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना टर्मिनल आहे. काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. डहाणू रोडला एका आरोग्य संस्थेच्या कचेरीत माझी जागा आहे. मेनफ्रेम म्हणजे मुंबईतला एक मोठा संगणक. त्याच्याशी बोलायला मला घडवलं. तुम्ही लिहिलेली ओळ मी माझ्याजवळ ठेवतो आणि एंटर दाबल्यावरच एकदम पुढे पाठवतो. जयमालाबाईंनी वीस वर्षं माझ्यावर काम केलं. त्यांची कधी तक्रार नव्हती.

पुढे सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पेशंटांच्या फाईली युनिक्स या वेगळ्या प्रणालीवर चालणाऱ्या नव्या मशीनवर गेल्या. तिथे जायची वाट मात्र मेनफ्रेममधूनच राहिली. लोक मला खटारा म्हणू लागले.

यंदा तळासरीची दक्षा कामाला लागली. ती लॅपटॉपवर शिकलेली. तिथे प्रत्येक बटण दाबताक्षणी पलीकडे पोचतं. मी तसा नाही, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

एका दुपारी तिला सरावाच्या फाईली पुसायच्या होत्या. फोल्डरचं नाव चुकलं. एंटर दाबलं आणि माझ्या पडद्यावर झरी गावच्या पेशंटांची नावं धावू लागली. काळी, पुसली. रूपी, पुसली. जानी, पुसली.

चूक दक्षाच्या लक्षात आली. काम थांबवायला तिने कंट्रोल-सी दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिली. ते माझ्यातून बाहेरच पडत नव्हतं. नावं जात होती आणि मी नुसता दाखवत होतो. इतक्या वर्षांत मला असा धक्का कधी बसला नव्हता.

"बाई, हे थांबत नाही," ती कशीबशी म्हणाली.

जयमालाबाई जेवणाचा डबा तसाच टाकून धावल्या. "कंट्रोल सोड. याच्यावर त्याच्या जागी सेंटचं चिन्ह लागतं, तो रेघ मारलेला सी. ते टाक. आता सी. आता एंटर."

नावं थांबली. एक्केचाळीस फाईली गेल्या होत्या. झरीची तपासणी महिन्यापूर्वीच झालेली, त्या फाईलींची दुसरी प्रत अजून काढलीच नव्हती.

 जयमालाबाई म्हणाल्या, "चूक माझी पण आहे. मला वाटलं, शिकलेली मुलगी, ठाऊक असेल."

दुसऱ्या दिवशी दक्षा पेशंटांच्या घरच्या कार्डांवरून माहिती पुन्हा उतरवून घ्यायला झरीला गेली. परत आली ती खुर्चीत बसलीच नाही. उभ्यानेच सांगू लागली, "रूपीच्या आईने तपासणीचं कार्ड पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेलं. मला विचारते, नाव गेलं म्हंजे पोरीच्या गोळ्या पण गेल्या काय? बाई, मला तिच्याकडे बघवलं नाही."

तीन दिवस ती घरोघर फिरली. चाळीस नावं माझ्यातूनच परत गेली. जानीच्या घराला कुलूप आहे. घरचे वीटभट्टीवर गेलेत, कुठल्या ते शेजाऱ्यांनाही माहीत नाही. दक्षा अजून विचारते आहे.

मित्रांनो, यंत्र जुनं असो वा नवं, ते सुरू कसं करायचं हे सगळेच विचारतात. तुम्ही आधी विचारा, ते थांबवायचं कसं. आणि ज्याला ते ठाऊक आहे, त्याने कुणी विचारायची वाट पाहू नये.