न्यू यॉर्कला पाठवलेला नवस

"म्हंजे त्या पुतळ्याच्या डोस्क्यात मान्सं चढतात, हे खरं हाय?" शेजारच्या जेरोमबाबांनी विचारलं.

"खरं हाय. आतून जिना हाय. कपाळापाशी खिडक्या हायत, तिथून खाली बोटी दिसतात," ऑड्रे म्हणाली.

समुद्रकाठच्या उत्तन गावातल्या त्या अंगणात पंधरावीस माणसं दाटीवाटीने बसली होती. ऑड्रेचा धाकटा भाऊ बेनेडिक्ट जाऊन चार महिने झाले होते आणि दोन वर्षं अमेरिकेत आयागिरी करून ती परवाच परतली होती. सगळी आली होती ती तिला भेटून डोळे पुसायला. पण पाव तासात डोळे पुसून झाले आणि गाडी न्यू यॉर्कवर आली. शंभर मजल्यांची इमारत, जमिनीखालून धावणारी आगगाडी, पाण्यात उभी असलेली ती मोठी बाई. गावातलं कुणी तिकडे गेलंच नव्हतं, मग लोकांना तरी नावं कशाला ठेवायची?

काळ्या कपड्यातली ज्युलिएट, बेनेडिक्टची बायको, चहाचे कप गोळा करत होती. ती मधेच थांबली.

"बाय, देवळाचं सांग ना. आपला नवसाचा पाय ठेवलास त्या देवळाचं."

"उद्या सांगते गो. डोकं दुखतंय," असं म्हणून ऑड्रे उठून आत गेली.

डोकं दुखत नव्हतं. यातलं तिने काही म्हणता काही पाहिलं नव्हतं. तिला कामाला नेणाऱ्या मेमसाबने मुंबईत कबूल केलं होतं की दर रविवारी शहर दाखवू. पहिल्या रविवारी बाळाला ताप आला, दुसऱ्या रविवारी पाहुणे आले, पुढे कुणी विषयच काढला नाही. पासपोर्ट मेमसाबच्या कपाटात. अकराव्या मजल्यावरच्या तिच्या खोलीतून समोरची विटांची भिंत तेवढी दिसायची. एकदा धीर करून ती चांगले कपडे घालून लिफ्टपर्यंत गेली. लिफ्टवाल्याने कुठे जायचंय म्हणून विचारलं, तिला इंग्रजीत धड सांगता येईना, आणि ती तशीच परत फिरली. शहराची माहिती होती ती मेमसाबने आणून दिलेल्या चित्रांच्या कार्डांवरून.

एवढ्यावर भागलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तिच्या पेटीत मेणाचा पाय होता.

ती जाण्याआधी बेनेडिक्टचा पाय दोन होड्यांमध्ये चिरडला होता. जखम भरायची आणि पुन्हा फुटायची. बांद्र्याच्या जत्रेत ज्युलिएटने तो बरा व्हावा म्हणून मोत मावलीला, म्हणजे माउंट मेरीला, दोनदा मेणाचा पाय वाहिला, गुण आला नाही. तिसरा पाय तिने ऑड्रेच्या हाती दिला. न्यू यॉर्कचं देऊळ मोठं, तिथे नवस लवकर पोचेल. मोठ्या डॉक्टरवर जसा माणसाचा भरवसा, तसा तिचा मोठ्या देवळावर. मग पत्रामागून पत्र येऊ लागलं, पाय वाहिलास का? शेवटी ऑड्रेने देवळाच्या चित्राच्या कार्डामागे लिहून टाकलं, 'वाहिला.' पुढच्या रविवारी जायचंच आहे, मग आधी लिहिलं म्हणून काय झालं, असं तिने स्वतःला समजावलं. तो पुढचा रविवार कधी आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी किनाऱ्यावर बोंबील वाळत घालताना ज्युलिएट आपणहून बोलू लागली.

"मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं, गुडघ्याखाली कापू, मानूस वाचंल. हे तयार झाले होते गो. मीच नको म्हटलं. त्याच दिवशी तुझं कार्ड आलं होतं. नवस पोचलाय, आन आता पाय कापायचा? मावलीला काय वाटंल? मी त्यांना घरी आनलं. तेराव्या दिवशी गेले." तिने एक बोंबील काठीवर अडकवला. "तू तुझं केलंस, बाय. देवाची मर्जी न्हवती."

ऑड्रेने हातातली टोपली खाली ठेवली. हे तिला कुणी कळवलं नव्हतं. पत्रात नुसतं लिहिलं होतं की दुखणं वाढलं आणि गेला. लहानपणी आई बाजारात गेली की ज्याला कडेवर घेऊन ती गावभर फिरायची, तो भाऊ तिच्या एका शब्दाने गेला होता. आता गप्प राहणं तिच्याच्याने होईना.

"मी गेलेच न्हाय गो देवळात. पाय पेटीत हाय."

ज्युलिएटने हातातला बोंबील टोपलीत टाकला. ओरडेल, अंगावर धावून येईल, झिंज्या ओढेल असं ऑड्रेला वाटलं. मनातून तिला तेच हवं होतं.

"अजून कुनाला सांगितलंस?"

"न्हाय."

"फादरला?"

"न्हाय."

ज्युलिएटने ऑड्रेला हाताला धरून घरी नेलं, पेटी उघडायला लावली आणि तो पाय चुलीत टाकला. मेण पेटलं, खोलीत देवळासारखा वास सुटला. पेटी बंद करताना ती म्हणाली, "ते गेले ते नवस पोचला असं मानून गेले. मी अजून उभी हाय तीबी त्याच्यावरच. पाय पोचलाच न्हाय, तर मग मी त्यांना घरी कशाला आनलं? सांग ना, कशाला आनलं?"

ऑड्रे पेटीची कडी लावायला वाकली.

"तू त्या देवळात गेली होतीस," ज्युलिएट म्हणाली.

रविवारी मिस्साची प्रार्थना सुटल्यावर गावच्या देवळाच्या आवारात बायकांनी ऑड्रेला गराडा घातला. जेरोमबाबा काठी टेकत पुढे आले.

"त्या दिवशी देवळाचं र्‍हायलं बघ."

"मोठं हाय," एवढंच ऑड्रे बोलली आणि अडली. ज्युलिएट गर्दीतून वाट काढत तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"दोन मनोरे हायत, मधे गोल खिडकी. वर बघताना तुझी मान अवघडली होती ना, बाय?"

"हो, अवघडली होती," ऑड्रे म्हणाली.

"आन आपला पाय कुठं ठेवलास?"

"आत गेल्यावर डाव्या हाताला. मेणबत्त्या लावतात तिथं."

"जागा चांगली होती?"

"चांगली होती," ऑड्रे म्हणाली.

ज्युलिएटने सगळ्यांसमोर तिचा हात घट्ट धरला आणि पुढचं विचारलं.