वामीची एकादशी

रंभाबाईंचं मधलं बोट वामीच्या तोंडात होतं, आणि रंभाबाईंचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

अंघोळ झाल्यापासून देवपूजा होऊन घरातल्या मुक्या जिवांना घास पोचेपर्यंत शब्द बोलायचा नाही, हा त्यांचा रोजचा नेम. देव झाले होते, गाय झाली होती, मांजर झालं होतं. राहिली होती ओसरीवरच्या काचेच्या टाकीतली वाम, सापासारखा लांबलचक मासा. तिच्यासाठी त्यांनी खाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, आणि हातातली रताळ्याची फोड सोडून वामीनं बोट धरलं. फोड तळाशी जाऊन बसली.

किंकाळी गळ्यापर्यंत आली होती. पण किंकाळी हा शब्द धरायचा की नाही, याबद्दल रंभाबाईंना खात्री नव्हती, म्हणून त्यांनी ती गिळली. डोळे मिटले आणि मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं. हात मात्र हलवला नाही. वामीचे दात आत वळलेले असतात, हिसका दिला की बोटाची सालटं निघतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना फक्त एवढं ठाऊक होतं की नामस्मरण करताना हालचाल करायची नसते. बराच वेळ धरलेलं हे भक्ष्य पळतही नाही आणि धडपडतही नाही, असं पाहून वामच कंटाळली असावी. तिनं जबडा सैल केला आणि ती दगडाआड निघून गेली.

तसं बघितलं तर यात वामीचा दोष नव्हता. रंभाबाईंचे यजमान हैबतराव पहाटेच्या एसटीनं पेन्शनच्या कामाला पुण्याला गेले होते. जाताना त्यांनी वामीच्या वाटणीची बारीक मासळी मागच्या परड्यात टोपलीखाली झाकून ठेवली होती. पण त्या दिवशी एकादशी होती. या घरात एकादशीला दोन पायांच्यांनी आणि चार पायांच्यांनी मासळी खाल्लेली रंभाबाईंना चालत नसे. मग बिनपायाच्या जिवालाच सूट का द्यायची? मांजरानंही मुकाट्यानं दूधच घेतलं होतं.

बोटातून रक्त वाहत होतं. त्यांनी वर हळद दाबली, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि पाटावर टेकल्या. आता बोलायला हरकत नव्हती. पण बोलायचं काय, हाच प्रश्न होता.

तीन वर्षांमागं हैबतराव आगबोटीवरची नोकरी संपवून पौडला परत आले, तेव्हा गावाला वाटलं की माणूस आता दुनियेच्या गोष्टी सांगेल. ते ओसरीवर बसले आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिले. जेव म्हटलं की जेवत, नीज म्हटलं की निजत. उभा जन्म पाण्यावर काढलेल्या माणसाला चहूकडचे डोंगर अंगावर येतात की काय, असं रंभाबाईंना वाटे. मग एके दिवशी कोकणातून मीठ आणणाऱ्या मोहिद्दीनच्या गाडीतून पत्र्याचे डबे उतरले. त्यात खाडीचं पाणी होतं, आणि एका डब्यात ही तपकिरी, पिवळ्या ठिपक्यांची वाम. हैबतरावांनी लोखंडी पट्ट्या आणि काचा जोडून टाकी केली, सांधे डांबरानं बुजवले. वामीला श्वास मिळावा म्हणून दिवसातून कितीदा तरी तांब्यानं पाणी काढून वरून धार धरायला लागले. आणि धार धरता धरता ते तिच्याशी बोलू लागले. एडन बंदर कसं आहे, मोंबासाला आंबे कसे मिळतात. रंभाबाई आत भाकरी थापता थापता ऐकायच्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, आपला नवरा कुठं कुठं जाऊन आला, ते त्यांना वामीमुळं कळलं.

पण टाकी आली त्या दिवशीच त्या एक बोलून बसल्या होत्या. वामीला नागोबा समजून आळीतल्या बायका लाह्या घेऊन आल्या होत्या, पोरं काचेला नाकं लावून उभी होती. रंभाबाईंनी भैरोबाचा गुलाल हातात घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या,

"हिनं कुनालाबी एकदा दात लावला, की त्याच गाडीनं माघारी खाडीत."

हैबतरावांनी गुलालावर हात ठेवून होकार दिला होता. देवासमोरचा शब्द होता तो.

आता दात लागला होता. खरं सांगावं तर वाम जाणार, आणि हैबतराव पुन्हा डोंगराकडे बघत बसणार. खोटं बोलावं तर जीभ विटाळणार.

संध्याकाळी हैबतराव आले. चिंधी लगेच त्यांच्या नजरेला पडली.

"बोटाला काय झालं गं?"

"रताळी चिरायला इळी घेतली व्हती आज," रंभाबाई म्हणाल्या. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

वाम आल्यापासून हैबतराव एरवी खोदून खोदून विचारू लागले होते. त्या दिवशी त्यांनी नुसतं "हं" केलं आणि ते टाकीकडे गेले. रंभाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला, पण तो पुरता सुटेना.

दोन दिवसांनी मोहिद्दीन मीठ घेऊन आला. हैबतराव बाजारात गेले होते. पायली भरून घेताना चिंधी सरकली, आणि मोहिद्दीनची नजर बोटावर गेली. त्यावर बारीक टोचल्याची एक कमान वरून होती आणि एक खालून. रंभाबाईंनी त्यालाही रताळ्यांचं आणि इळीचंच सांगितलं.

"वयनी, तुमच्या इळीला दोन्ही बाजूंनी दात हायेत काय?"

रंभाबाईंनी चिंधी बोटावर ओढली. नेमाची वेळ नव्हती तरी गप्प राहिल्या.

मोहिद्दीननं जास्त विचारलं नाही. त्याच्या सासुरवाडीला खाडीच्या काठी हे नेहमीचंच होतं. जखम आवळून बांधायची नाही, सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात मीठ घालून बोट बुडवायचं, आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची सुई घ्यायची, हे त्यानं मीठ मोजता मोजता सांगितलं. सुईचं मात्र टाळू नका, असं दोनदा बजावलं. रंभाबाईंनी सुई घेतली, पण पौडच्या दवाखान्यात नाही. तिथं सकाळी सुई टोचली की दुपारपर्यंत वेशीबाहेरही खबर जाते. लवळ्याच्या बहिणीला भेटायला जाते असं सांगून त्या पुण्याला जाऊन टोचून आल्या. येताना बहिणीला भेटल्याही, म्हणजे तेही खोटं झालं नाही.

बोट सुकायला लागलं. पण शब्द तसाच ठसठसत होता. शेवटी रविवारी नारळ घेऊन त्या भैरोबाच्या देवळात गेल्या. गेणबा गुरव गाभारा झाडत होता. रंभाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या की कौल लावायचाय. देवाच्या दोन्ही खांद्यांना पाण्यानं फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि मनातलं बोलायचं. उजवी आधी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नाही.

"कशाचा लावू?" गेणबानं विचारलं.

"आमच्या वामीचा. शब्द दिला व्हता, त्यातनं सुटका मागायची हाय."

गेणबा केरसुणीवर हात टेकून उभा राहिला.

"त्याचा कौल झालाय की, रंभाबाय."

"कुनी लावला?"

"मालकांनी. शिमग्याच्या आधी. घरच्या मानसाला चावलं तर ते 'कुनालाबी'त धरायचं का, असं इचारत व्हते. देवानं डावी पाडली."

रंभाबाईंनी पदर दातात धरला.

"मग?"

"मग पुन्यांदा लावला. पुन्यांदा डावी. बसले तितंच मांडी घालून. म्हनले, लाव आनखी. उजवी पडली तवा उठले."

"असं चालतं व्हय?"

गेणबानं गाभाऱ्याकडं पाहिलं. "देवाला तरी कुटं जायाची घाई व्हती."

रंभाबाईंच्या डोळ्यांपुढून एकेक गोष्ट सरकू लागली. शिमग्याच्या आधीपासूनच हैबतरावांनी कालवण-भाकरी चमच्यानं खायला सुरुवात केली होती. आगबोटीवर सगळे चमच्यानंच खातात, आता आठवण झाली, असं ते म्हणाले होते. आणि रंभाबाईंनी आळीभर कौतुकानं सांगितलं होतं की आमचे मालक आता मडमेसारखे जेवतात.

"तर लावू का तुमचा?" गेणबानं पाकळ्या ओल्या केल्या.

"नगं," रंभाबाई म्हणाल्या. "एका घरानं देवाला किती तरास द्यायचा." त्यांनी नारळ पायरीवर ठेवला, गुलाल लावून घेतला आणि त्या घरी आल्या.

दिवेलागण झाल्यावर त्यांनी घंगाळात कढत पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि ते ओसरीवर आणून हैबतरावांच्या पुढ्यात ठेवलं. हैबतराव तांब्यानं धार धरत होते. टाकीत वाम दगडाआडून तोंड काढून त्यांच्याकडे बघत होती. रंभाबाई समोर बसल्या, चिंधी सोडली आणि आपलं बोट पाण्यात बुडवलं.

हैबतरावांनी बोटावरच्या दोन कमानी पाहिल्या. तांब्या खाली ठेवला. मग त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि उजवा हात पाण्यात घातला. आंगठ्याजवळ तशाच दोन कमानी होत्या, जुन्या, पांढऱ्या पडलेल्या.

पाण्यातून वाफ येत होती. दोघंही टाकीकडेच बघत होते.

"मला चावलंय, ह्ये तुला कुनी सांगितलं?" हैबतरावांनी विचारलं.

रंभाबाईंनी क्षणभर विचार केला. खोटं तर बोलायचं नव्हतं.

"देवानं," त्या म्हणाल्या.

हैबतरावांनी वळून देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग नजर खाली घालून त्यांनी तशाच दोन कमानींचा डावा हातही हळूच घंगाळात घातला.